आधी कोण उठतं

ताईचा फोन आला तेव्हा पडद्यावर ठिपके फिरत होते. त्यानं फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरला, कारण ठिपके फिरत असताना तो माउसवरचा हात काढत नसे, आणि ताईच्या फोनला अर्धा कान पुरतो असा त्याचा अनुभव होता. नानांची औषधं, नानांची पाठ, नानांना झोप लागली की नाही लागली. मधूनमधून हं केलं की भागायचं. आज मात्र ताई म्हणाली की दुसऱ्या गावी मुलींच्या एका हॉस्टेलवर तिला रेक्टरची जागा मिळाली आहे, राहायला खोली आहे, जेवण तिथंच आहे, आणि तिनं हो म्हणून टाकलं आहे. महिना संपला की ती जाणार. आवाज असा, की दूध नासलंय, येताना आण. त्याच्या तोंडून अभिनंदन वगैरे काही निघालं नाही. नानांना विचारलंस का, असं निघालं.

“विचारलं,” ताई म्हणाली. “बरं म्हणाले.”

नानांना झटका येऊन गेल्यापासून त्यांच्याजवळ एवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली की बरं, पाठीखाली चादर चुरगळली की बरं, आई गेली हे त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं तेव्हाही बरं. त्यामुळे ताई थट्टा करते आहे की काय ते त्याला कळेना. ताई थट्टा करत नसे. थट्टा करायला माणसाला जरा टेकावं लागतं, आणि ताई टेकलेली त्याला आठवत नव्हती. आता नानांचं तुम्ही दोघं भाऊ बघा, असं म्हणून तिनं फोन ठेवला. आजवर फोन नेहमी तो ठेवायचा. तो बंद झालेला फोन खांद्यात तसाच धरून बसून राहिला आणि त्याची मान आखडली.

त्याचा धंदा मोठा गमतीचा होता. ज्या कंपन्यांना आपले साहेब नकोसे झालेत, त्यांचं साहेबांशिवाय कसं चालेल ते तो आधी कॉम्प्युटरवर चालवून दाखवी. खऱ्या माणसांवर प्रयोग करायचा तर वेळ जातो, शिवाय माणसं रडतात. ठिपके रडत नाहीत. सध्याचं काम घरोघर जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांचं करणाऱ्या नर्सेसच्या एका संस्थेचं होतं. वर बसून कामं वाटणाऱ्यांची अख्खी फळी त्यांना काढून टाकायची होती, आणि एकेका भागातल्या नर्सेसनी आपली आपण कामं उचलावीत अशी त्यांची इच्छा होती. त्याच्या पडद्यावर रुग्ण म्हणजे चौकोन. काम साचत जाईल तसा चौकोन पांढऱ्याचा करडा आणि करड्याचा काळा होत जाई. नर्स म्हणजे ठिपका. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा दिलेला, त्याला तो हद्द म्हणे: चौकोन किती काळा झाला म्हणजे हा ठिपका जागचा हलेल. एवढंच. कुणी कुणाला हुकूम सोडायचा नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि तरी कामं होत राहतात. शिकत असताना हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. तो नानांच्या घरात वाढलेला होता. हुकमाशिवाय काही घडू शकतं हे त्याला माहीतच नव्हतं.

नाना उभ्या आयुष्यात दार उघडायला उठले नाहीत. घंटा वाजली की पेपरातून डोकं वर न काढता ते विचारायचे, कोण उठतंय? आई स्वयंपाकघरात, दादा पुस्तकात तोंड घालून, आणि तो दादाच्या पाठीआड. मग एक क्षण असा यायचा की तिन्ही मुलं आपापल्या जागी ताठ, कान बाहेरच्या माणसाच्या बुटांच्या आवाजाकडे, आणि ज्याचा धीर आधी सुटेल तो गेला. ताईचा सुटायचा. प्रत्येक वेळी ताईचाच. बाहेर कुणी ताटकळतंय हे तिला सोसायचं नाही. दादाला आणि त्याला ते छान सोसायचं. घंटा दुसऱ्यांदा वाजायच्या आत ती दाराशी असायची, आणि हे दोघे एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचे. नानांची समजूत अशी की घर आपल्या आवाजावर चालतं. आता या वयात, पडद्यासमोर बसून विचार करताना, त्याला वाटायचं की म्हातारा साफ चुकला होता. हुकूम नुसता हवेत जायचा. घर चालायचं ते एका ठिपक्याची हद्द कमी होती म्हणून.

आणि हाच त्याचा शोध, ज्याच्यावर त्याचं नाव झालं होतं. सगळ्या ठिपक्यांना सारखी हद्द दिली तर सगळे एकाच वेळी बसून राहतात आणि एकाच वेळी एकाच चौकोनाकडे धावतात, बाकीचे चौकोन काळेठिक्कर. पण हद्द कमीजास्त ठेवली की कारभार लोण्यासारखा चालतो. कमी हद्दीचे थोडेसे ठिपके आधी उठतात. ते उठतात म्हणून चौकोन काळे होत नाहीत. चौकोन काळे होत नाहीत म्हणून बाकीच्यांच्या हद्दीपर्यंत काही पोचतच नाही. बाकीचे नुसते तरंगत राहतात, आणि त्यांना विचारलं, म्हणजे ठिपक्यांना विचारता आलं असतं तर, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं असतं की आमच्याकडे फारसं काम नसतं बुवा. “ते आळशी नाहीत,” तो मीटिंगमध्ये म्हणायचा आणि जरा थांबायचा, “त्यांना दिसतच नाही.” या वाक्याला माना हलायच्या. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कुणीतरी घरचं माणूस आठवल्याचं त्याला स्पष्ट दिसायचं, आणि मग चहा यायचा. कमी हद्दीचे ठिपके काही काळानं लाल होत, मग विझत. त्यांच्या जागी नवे सोडायचे. खर्च कमीच यायचा.

ती कमी हद्द म्हणजे नेमका किती आकडा, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. तो त्यानं नानांच्या खोलीत मोजला. रविवारी तो नानांना भेटायला जायचा, म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चहा प्यायचा. नानांच्या ओठाच्या वाकड्या कोपऱ्यात लाळ जमायची. ती हनुवटीपर्यंत यायच्या आत ताई रुमाल घेऊन हजर. नानांच्या पायावरचं पांघरूण घसरायला लागलं की ते घसरायच्या आधीच ताईचा हात तिथं. एकदा ती आत आंघोळीला गेली असताना नानांच्या घशात काहीतरी घरघरलं, आणि हा कप खाली ठेवावा की नको अशा विचारात असतानाच ती ओल्या केसांनी, पाठीवर पाणी ठिबकत, त्याच्या आणि खाटेच्या मधून गेली. त्याला तेव्हा वाईट वाटलं नाही. त्याला आनंद झाला, चांगला नमुना सापडल्याचा आनंद. घरी जाऊन त्यानं आकडा बसवला आणि पडद्यावरचे चौकोन पांढरे झाले. मनातल्या मनात तो त्या ठिपक्यांना ताया म्हणायचा. तायांचं प्रमाण किती ठेवायचं, एका भागात एक पुरते की दोन लागतात, यावर त्याचं एक भाषण होतं आणि ते लोकांना आवडायचं.

आई गेल्यावर आठवड्याभरात तिघं भावंडं जेवणाच्या टेबलाशी बसली होती, नाना आतल्या खोलीत आढ्याकडे बघत. दादाला गाडी पकडायची होती म्हणून त्याची बॅग पायाशीच. आता या घरात कुणी मोठं नाही आणि कुणी लहान नाही, असं बोलायला सुरुवात यानं केली. त्याचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता. नानांसारखं कुणी हुकूम सोडायचे नाहीत, पाळ्या लावायच्या नाहीत, हिशेब मांडायचे नाहीत. ज्याच्या आधी लक्षात येईल त्यानं करायचं. दादाला हे फारच पटलं. त्यानं उठून याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला की असं घर शोधून सापडायचं नाही. ताई टेबलावरचे कप गोळा करत होती. तिनं विचारलं, “आणि ज्याच्या कायम आधीच लक्षात येतं, त्यानं?” दोघे भाऊ हसले. ताईही हसली असावी. ती कप घेऊन आत चालली होती, त्यामुळे तोंड दिसलं नाही. ती तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात होती. पुढे ते तिनं सोडलं. तू सोड असं तिला कुणी म्हणालं नाही, हे तो आपल्या भाषणात घरचं नाव न घेता उदाहरण म्हणून सांगत असे.

पगारी बाई ठेवून पाहिली नव्हती असं नाही. नाना तिच्या हातचा घास तोंडात घेऊन बसायचे, गिळायचे नाहीत, गाल फुगवून दाराकडे बघत राहायचे. ताई आली की गिळायचे. बाई गेली. म्हाताऱ्याचं अर्धं अंग गेलं होतं, पण दुसऱ्याला उठवायची विद्या शाबूत होती.

फोनच्या दुसऱ्या दिवशी संस्थेच्या मेट्रनबाई यायच्या होत्या. बाई आडव्या हाडाच्या, आवाज खर्जातला, आणि ज्या फळीला काढून टाकायचं त्या फळीच्या अगदी वरच्या टोकाला त्याच होत्या, तरी त्यांचा चेहरा शांत होता. त्यांना दुसरीकडे कुठंतरी बरी जागा देऊ केली होती म्हणे. त्या त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा लावून ठिपके बघत राहिल्या. हे लाल होऊन विझतात ते कुठं जातात, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, कुठं जात नाहीत, बदलतात, त्या जागी नवे येतात. बाईंनी मान डोलावली. आमच्याकडेही तसंच आहे, त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं त्यांनी पेनाच्या टोकानं पडद्यावरच्या एका ठिपक्यावर टकटक केलं. ती एक ताई होती.

“ही विझली नाही, नुसती थांबली तर? आहे जागेवर, धडधाकट आहे, पण म्हणाली, मी नाही उठत.”

हे त्यानं कधी चालवून पाहिलं नव्हतं. ताया विझतात हे त्याला माहीत होतं. थांबतात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं त्या एका ठिपक्याला थांबवलं आणि खेळ पुढे सोडला. भोवतालचे चौकोन करडे झाले. त्यानं ठिपक्यांना सवयीचा एक नियम लावून ठेवला होता: जो उठतो त्याची हद्द हळूहळू आणखी कमी होते, जो बसून राहतो त्याची वाढत जाते. बाकीचे ठिपके इतका काळ बसून होते की त्यांच्या हद्दी आता आभाळाला टेकल्या होत्या. चौकोन करड्याचे काळे झाले आणि शेजारचे ठिपके त्यांच्या कडेकडेनं मजेत तरंगत राहिले. एक चौकोन पार काळा होऊन पडद्यावरून गेला. मेट्रनबाईंनी तो गेला त्या रिकाम्या जागेकडे जरा वेळ बघितलं. मग, उपाय काय, असं विचारलं, जसं काही त्या दुकानात आल्या होत्या.

उपाय त्याला त्या दुपारी सापडला, बाई शेजारी बसलेल्या असतानाच. थांबलेल्या ताईजवळचा चौकोन हळूहळू काळा करत नेला तर ती थांबलेलीच राहते. तिला हट्टाला वेळ मिळतो. पण त्याच चौकोनात एकदम काळं ओतलं, एका झटक्यात, तिच्या अगदी पायाशी, तर तिचा हट्ट आणि तिची सवय यांच्यात सवय आधी पोचते. ती उठते. आणि एकदा उठली की मग उठतच राहते, पहिल्यासारखी, किंबहुना पहिल्यापेक्षा लवकर. त्यानं हे तीनचार वेळा करून पाहिलं आणि दर वेळी ती उठली. याला काय म्हणणार तुम्ही, बाईंनी विचारलं. धक्का म्हणू, तो म्हणाला. मेट्रनबाई चष्मा पुसत म्हणाल्या की त्यांच्याकडे याला इमर्जन्सी म्हणतात, ती काढली की रजेवरच्या पोरी बरोबर परत येतात, आणि खरी असायला लागते असंही काही नाही. त्या समाधानानं गेल्या. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की तुमचं निरीक्षण दांडगं आहे, घरात कुणी आजारी आहे का?

त्या आठवड्यात दादाशी बोलणं झालं. दादा फोनवर नेहमीच फार प्रेमळ असे. तो म्हणाला, इतक्या लांबून मी काय करणार, पण जमेल ते करीन, आणि नानांना एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवायचं झालं तर त्याचा विरोध नाही, फक्त ते बघून ठरवून तिथं नेऊन पोचवायचं काम त्याला जमणार नाही. इकडे त्याच्या स्वतःच्या बायकोनं आकांडतांडव केलं नाही. तिनं शांतपणे सांगितलं की आपल्याकडे बाथरूम एक, खोल्या दोन, आणि तुला मी गेल्या इतक्या वर्षांत स्वतःचा टॉवेल उचलताना पाहिलेलं नाही, तेव्हा नाना इथं आले तर ते कुणाकडे येतील ते मला माहीत आहे. ते माझ्याकडे येणार नाहीत. तिचंही खरं होतं. सगळ्यांचंच खरं होतं. चौकोन त्याच्याकडे सरकत होता एवढंच, आणि त्याला आपल्या छातीत एक बारीक कापरं भरल्याचं जाणवत होतं, लहानपणी घंटा वाजून गेल्यावर भरायचं तसलं. रात्री डोळे मिटले की नानांच्या ओठाचा कोपरा दिसायचा. आपण रुमाल घेऊन वाकलोय असं तो मुद्दाम मनात आणून बघे, आणि मनातसुद्धा त्याचा हात वाटेत थांबे. ताई तिकडे एखाद्या लांब व्हरांड्यात किल्ल्या वाजवत फिरेल, मुली तिला घाबरतील, संध्याकाळी ती आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावेल. बाहेर कुणी दार वाजवलं तर ती उठेल किंवा उठणार नाही, तिची मर्जी. या शेवटच्या विचाराचा त्याला सगळ्यात जास्त राग आला.

रविवारी तो गेला. दार उघडंच होतं, नुसतं लोटलेलं, म्हणजे त्यासाठीही कुणी उठायला नको. नानांच्या खोलीत शिरल्याबरोबर त्याला दोन गोष्टी दिसल्या. भिंतीला लागून ताईची बॅग उभी होती, कपाटावर वर्षानुवर्षं पडून असायची ती, पुसून लख्ख केलेली, भरून फुगलेली. आणि नानांच्या खाटेच्या पायाशी लघवीचं भांडं होतं, जमिनीवर, जवळजवळ भरलेलं, झाकण नसलेलं. ताई खाटेच्या पलीकडे खुर्चीत बसून पेपर वाचत होती. पेपर तिनं दोन्ही हात ताणून धरला होता, नाना धरायचे तसाच. आलास, ती म्हणाली. चहाचं काही बोलली नाही. तो आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला आणि भांडं त्याच्या उजव्या बुटापासून हातभर अंतरावर आलं.

खोलीत तो वास होता. सुरुवातीला तिखट, नाकात शिरणारा, मग हळूहळू जिभेवर उतरणारा. शेजारच्या घरात कुणीतरी खिळा ठोकत होतं. नाना त्याच्याकडे बघत होते. त्यांचा एक डोळा हल्ली अर्धाच उघडायचा, पण दुसरा पूर्वीचाच होता, पेपराच्या वरून बघणारा. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात लाळ जमली, हनुवटीपर्यंत आली, आणि हनुवटीवरून गळ्यावर उतरली. पेपर हलला नाही. त्यानं पेपराच्या मागून ताईचा चेहरा दिसतो का ते बघितलं. तिची बोटं दिसत होती, कडा घट्ट धरलेली, नखं पांढरी पडलेली. म्हणजे तिला सोसत नव्हतं. तिला मुळीच सोसत नव्हतं, आणि तरी ती बसली होती. हे बघून त्याला धीर आला.

“नानांचं भांडं भरलंय,” तो म्हणाला.

“हो का,” ताई पेपराच्या मागून म्हणाली. “म्हणजे तुझ्या आधी लक्षात आलं.”

तिनं पान उलटलं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या टेबलाशी आपणच बोललेलं वाक्य इतक्या वर्षांनी कुणी असं धुऊन-पुसून समोर ठेवील याची त्याला कल्पना नव्हती. खिळा ठोकणं थांबलं. आणि मग तो क्षण आला, ताठ बसण्याचा, कान टवकारण्याचा, आणि त्याच्या अंगातला सगळा लहान मुलगा जागा झाला. आता कोण? घंटा वाजून गेलेली आहे. बाहेर माणूस उभा आहे. तो वाट बघू लागला, आणि वाट बघता बघता त्याच्या लक्षात आलं की त्याला सगळं दिसतंय. भांड्याच्या कडेला साचलेला पांढुरका थर दिसत होता. नानांच्या गळ्यावरची ओली रेघ, तिच्याखाली बनियनचा भिजत चाललेला काठ, पावलांवरून घसरलेलं पांघरूण, निळसर नखं. सगळं, लगेच, एका नजरेत, ताईला दिसत असेल तितकंच. आणि हे त्याला आजच दिसत होतं असंही नाही. दर रविवारी कपाच्या काठावरून ते त्याला असंच दिसत आलं होतं, नाहीतर त्यानं मोजलं कशावरून? मीटिंगमधलं ते वाक्य धादांत खोटं होतं. बसलेल्या ठिपक्यांना न दिसायला काय झालं, त्यांना स्वच्छ दिसतं. ते फक्त दुसऱ्याचा धीर सुटायची वाट बघतात. हे सोमवारी जाऊन बदलायला हवं, असं त्याला वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं की बदलून काय होणार, पडद्यावर फरक पडणार नाही. दिसत नाही म्हणून बसलेला आणि दिसत असून बसलेला, दोन्ही ठिपके सारखेच दिसतात. या विचारानं त्याला विलक्षण मोकळं वाटलं.

त्यानं आपला उजवा बूट जरासा पुढे सरकवला. मग थांबला. नाना बघत होते. त्यांचा तो धड डोळा बुटावर होता. तो ज्या बापाला घाबरत मोठा झाला त्या बापाचा डोळा, आणि आता त्यात काय होतं ते त्याला वाचता येईना. विनवणी असेल, नाहीतर नुसतं कुतूहल, पुढे काय होतं ते बघण्याचं. म्हातारा बोलू शकत नव्हता ही केवढी सोय होती. पायाशी, एका झटक्यात, तिच्या हट्टाला वेळ न देता. त्यानं बुटाचं टोक भांड्याच्या बुडाशी लावलं आणि ढकललं.

आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा झाला. भांडं लवंडून खाटेच्या पायावर आपटलं, आणि सगळं फरशीवर पसरत खाटेखालून पलीकडे गेलं, सरळ भिंतीकडे, बॅगेकडे. अरे अरे, तो म्हणाला. तो उठला नाही. ओहोळ बॅगेपर्यंत पोचायला थोडंच अंतर होतं, आणि त्यानं श्वास धरून ते अंतर बघितलं. पेपर खाली आला. ताई उठली. ती इतक्या चटकन उठली की तिचं तिलाच ते नंतर कळलं असावं, कारण बॅग हातात घेऊन ती खोलीच्या मध्यभागी क्षणभर नुसती उभी राहिली. मग तिनं खुर्ची ओढली, खुर्चीवर चढली, आणि बॅग कपाटावर आपल्या जुन्या जागी ढकलून दिली. खाली उतरली. आधी नानांची हनुवटी पुसली, गळा पुसला, पांघरूण ओढून पावलं झाकली. मग आत जाऊन बादली आणि फडकं घेऊन आली.

ती गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. फडकं बादलीत पिळल्याचा आवाज, पुन्हा फरशीवर, पुन्हा पिळल्याचा. तिच्या माथ्यावरचे केस विरळ झाले होते, हे त्याला वरून दिसलं. छातीतलं कापरं कधी थांबलं ते त्याला कळलंच नव्हतं. आता चहा मिळाला तर बरं होईल असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याची त्याला थोडी लाज वाटली, थोडीच.

“पायानं ढकललंस,” ताई म्हणाली. तिनं वर बघितलं नाही, आणि हात थांबवला नाही. “दिसलं मला.”

“चुकून लागला.”

“हं,” ती म्हणाली, अगदी त्याच्यासारखं, फोनवर तो म्हणायचा तसं. मग बरंच पुसून झाल्यावर म्हणाली, “हॉस्टेलवर उद्या कळवते त्यांना.”

खाटेवरून नाना म्हणाले, “बरं.”

ती गुडघ्यांवर सरकत सरकत त्याच्या खुर्चीपाशी आली. तिथंही पसरलं होतं, त्याच्या बुटांभोवती. फडकं पिळून ती क्षणभर थांबली.

“पाय वर घे.”

त्यानं दोन्ही पाय वर उचलून धरले. ताईनं खालून नीट पुसून घेतलं, एकदा ओल्या फडक्यानं आणि एकदा कोरड्या, आणि बादली उचलून ती आत गेली. तो तसाच पाय वर धरून बसून राहिला, फरशी वाळेपर्यंत.